सेल मारला तरी गाडी चालू होत नाही? बॅटरी बदलायच्या आधी करंटचा रस्ता तपासा

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस, सकाळी सकाळी माझ्या दीडशे सीसी बाईकचा सेल, म्हणजे सेल्फ स्टार्टर, मारला तर नुसतं "टक्" झालं आणि गाडी गप्प. हॉर्न खणखणीत वाजतोय, इंडिकेटर लागतोय, मीटरचा लाईट पण लख्ख. कामाची घाई होती म्हणून दुकानात नेली, तिथे कव्हर पण न उघडता बॅटरी बसलीय म्हणून सांगितलं, नवीन टाकली, गाडी चालू झाली आणि मी पैसे देऊन आलो. दहाव्या दिवशी परत तेच, "टक्" आणि गप्प.

माझं रोजचं काम मोटर रिवाइंडिंगचं, सांगली भागातल्या विहिरींवरच्या मोटारी माझ्याकडे येतात. आमच्याकडे एक तक्रार कायम येते, विहीर लांब असते, शेतकऱ्याने पैसे वाचवायला बारीक केबल ओढलेली असते, पेटीत बघितलं तर व्होल्टेज पूर्ण, पण मोटर चालू केली की नुसती हुं हुं करते आणि फिरत नाही. मोटर चांगली असते, लाईट पण चांगली असते, मधली केबलच व्होल्टेज खाऊन टाकते, आणि ते फक्त मोटारीचा लोड आला की खाते, नुसतं मोजलं तर सगळं बरोबर दिसतं. गाडीच्या सेलचं अगदी हेच आहे. म्हणून हा लेख लिहितोय, कारण दर पावसाळ्यात कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना बघतो आणि दोष असतो एका गंजलेल्या बोल्टात.

काय काय लागेल

एक साधा डिजिटल मीटर, म्हणजे मल्टीमीटर, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि नवीन बॅटरीपेक्षा खूप स्वस्त पडतो. ८ आणि १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा, जुना टूथब्रश, थोडं व्हॅसलिन. एक टेस्ट लॅम्प पण करून ठेवा, इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, बास. कधी कधी मीटर १२ व्होल्ट दाखवतो पण बल्ब मिणमिणतो, तेव्हा समजायचं की वायरीत जीव नाही.

हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि चेसिस यांच्यामध्ये अंगठी आली तर बोट भाजतं, हे मी डोळ्याने बघितलंय. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा, बसवताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लस सोडवताना पाना चेसिसला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. आणि गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर, ही गोष्ट दर वेळी बघायची, कारण पुढच्या काही टेस्टमध्ये सेलचं बटण न दाबता मोटर फिरवायची आहे.

आधी ऐका, मग पाना उचला

सेल मारल्यावर गाडी काय आवाज करते त्यावरून अर्धं काम होतं, म्हणून कोणी फोनवर विचारलं की मी आधी आवाज ऐकवायला लावतो.

चावी फिरवली तरी गाडीच्या मीटरवर काहीच नाही, हॉर्न पण नाही: मेन फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल सुटलेलं, किंवा चावीच्या लॉकचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड).

मीटर लागतो, हॉर्न वाजतो, पण बटण दाबल्यावर टक् पण नाही: रिलेपर्यंत (बटणाच्या छोट्या करंटवर मोटारीचा मोठा करंट जोडणारा स्विच) हुकूमच पोचत नाहीये. किल स्विच, क्लच स्विच, साईड स्टँड, सेलचं बटण, नाहीतर रिलेची कॉइल.

एकच "टक्" आणि शांतता: रिले काम करतोय, पण मोठा करंट मोटारीपर्यंत जात नाही. बॅटरी, जाड वायरी, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची वायर), रिलेचे आतले कॉन्टॅक्ट किंवा मोटारीचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश).

"कट कट कट कट" असा मशीनसारखा भराभर आवाज आणि मीटरचा लाईट झपझप करतो: बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल सैल. रिले ओढला गेला की व्होल्टेज खाली पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो, म्हणून तो कटकटाट.

"घर्र... घर्र..." असं जड जड फिरणं: बॅटरी कमजोर, नाहीतर रस्त्यात कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय.

मोटर घुंईं करून जोरात फिरते पण इंजिन फिरत नाही: वन वे क्लच गेला, यात वायरिंगचा काही संबंध नाही, हे काम मेकॅनिककडेच.

आणि इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही, तर सेलची लाईन चांगली आहे, त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

न उघडता बघायच्या गोष्टी

हे वाचून कोणी रागावू नका पण किल स्विच खरंच बघा. पार्किंगमध्ये लहान मुलं गाडीवर बसतात आणि लाल बटण दाबून जातात. काही गाड्यांत किल स्विच बंद असला तर सेल फिरतो पण गाडी चालू होत नाही, काहींत सेल पण फिरत नाही.

न्यूट्रलचा हिरवा लाईट लागतोय का? लागत नसेल तर क्लच पूर्ण दाबून सेल मारा. क्लच दाबून चालू होत असेल तर न्यूट्रल स्विचची वायर बघायची, ती इंजिनच्या खाली चेनजवळ असते, तिथे चिखल आणि चेनचं ग्रीस भरपूर बसतं. क्लच लिव्हरच्या खाली एक छोटा स्विच असतो, लिव्हर हळू दाबत कान जवळ न्या, बारीक "टिक" ऐकू आली पाहिजे. पावसात तो जाम होतो, डब्ल्यूडी ४० या गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक फवारा मारून दहा-पंधरा वेळा लिव्हर दाबली तर बऱ्याचदा मोकळा होतो. साईड स्टँडचा स्विच पण तसाच, चिखलात सगळ्यात खाली तोच असतो.

अजून एक, इंजेक्शनच्या गाड्या असलेल्यांसाठी. गाडी आडवी पडली असेल, पार्किंगमध्ये कोणी पाडली असेल, आणि नंतर चालू होत नसेल तर चावी पूर्ण बंद करून परत चालू करा. गाडी कलली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो चावी बंद-चालू केल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत सुटत नाही. एवढ्यासाठी लोक गाडी टेम्पोत घालून नेतात.

फ्यूज बॅटरीजवळच असतो, सीटखाली किंवा साईड पॅनलच्या आत. नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरच्या बीपवर तपासा, कधी कधी तार पायाशी तुटलेली असते आणि वरून दिसत नाही. उडाला असेल तर त्याच अँपिअरचा टाका, बहुतेक गाड्यांत डब्यातच एक स्पेअर ठेवलेला असतो. नवीन पण लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी अजिबात टाकू नका, फ्यूज उडण्याऐवजी मग अख्खं वायरिंग जळतं, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालून गेलेलं असतं.

बॅटरी: दोन वेळा मोजायची, एकदा निवांत आणि एकदा लोडवर

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवरच लावा, वायरीच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नको आणि बोल्टावर पण नको. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी गंमत थिंबल आणि टर्मिनल यांच्या मधल्या जागेत आहे.

गाडी रात्रभर उभी असताना १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० ला जवळजवळ संपली, आणि ११.८ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं बघू. नुकतीच गाडी चालवली असेल किंवा चार्जर काढला असेल तर आकडा खोटा वर दिसतो, तास-दोन तास थांबून मोजा.

पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सल्फेट झालेली, म्हणजे आतून प्लेटा खराब झालेली बॅटरी निवांत १२.६ दाखवते आणि सेल मारला की ६ वर येते. म्हणून दुसरं मोजमाप: प्रोब तसेच धरून ठेवा आणि कोणाला तरी सेल मारायला सांगा, तीन-चार सेकंद, जास्त नाही. आता मीटरकडे बघा.

व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं, ७-८ वर आलं, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. पूर्ण चार्ज करून परत तीच टेस्ट करा, परत कोसळली तर बहुतेक बॅटरी गेली. मोटर किंवा इंजिन जाम असेल तरी असंच होतं, तो एक अपवाद लक्षात ठेवा.

व्होल्टेज १० ते ११ च्या आसपास राहिलं आणि इंजिन जोरात फिरलं तर सगळं ठीक.

आणि व्होल्टेज ११.५-१२ वर आरामात राहिलं, तरी मोटर फिरत नाही किंवा रडत फिरते, तर बॅटरीचा काही दोष नाही! बॅटरी द्यायला तयार आहे, पण घेणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीये. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं, निवांत १२.७, सेल मारताना ११.४, आणि मोटर गप्प. नवीन बॅटरी खोटी ठरत नव्हती, जुनी पण ठरली नसती, फक्त कोणी सेल मारताना मोजलं नाही.

चार्ज करायची वेळ आली तर बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने करा, ९ एएचची असेल तर ०.९ अँपिअर. कारच्या बॅटरीसाठीचा मोठा चार्जर ४-५ एएचच्या बॅटरीला लावला तर ती गरम होऊन फुगते. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, हवा खेळती ठेवा आणि जवळ विडी-सिगारेट नको.

ड्रॉप टेस्ट, म्हणजे चोर पकडायची पद्धत

आता खरं काम. सेलची मोटर सुरू होताना पन्नास अँपिअर आणि त्याच्या वर पण करंट ओढते. हॉर्न ओढतो दोन-तीन अँपिअर. समजा अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज बसून ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला. एवढा छोटा अडथळा तुमचा मीटर नीट दाखवणार पण नाही. हॉर्न वाजला तर तिथे ०.१५ व्होल्ट खाल्लं जाईल, कळणार पण नाही. पण पन्नास अँपिअर जायला लागले की तिथेच अडीच व्होल्ट गेले. म्हणून "हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी-वायरिंग ओके" हे चुकीचं, आणि "वायर बीप करते म्हणजे ओके" हे पण चुकीचं. शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप करतो.

मग करायचं काय, तर करंट चालू असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजायचं. चांगल्या वायरीत ते जवळजवळ शून्य येतं. जिथे आकडा येतो तिथे चोर बसलाय.

पहिली बाजू अर्थिंग. मीटर डीसी २० वरच. एक प्रोब बॅटरीच्या मायनस टर्मिनलच्या शिशावर दाबून धरा, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या बोल्टावर. सेल मारा. ०.२ च्या आत आलं तर अर्थिंग चांगलं. ०.५ च्या वर गेलं तर तिथे काम आहे.

दुसरी बाजू प्लस. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या शिशावर, दुसरा सेल मोटारीवर जिथे जाड वायर नटाने बसलीय तिथे. रबरी टोपी असते ती मागे सरकवा. इथे एक सांगायचं राहिलं, बटण दाबायच्या आधी मीटर १२ च्या आसपास दाखवेल, घाबरू नका, रिले उघडा आहे म्हणून. बटण दाबल्यावर काय राहतं ते बघायचं. साधारण ०.५ च्या आत यायला पाहिजे. जास्त आलं तर तुकडे करा: आधी बॅटरीचं शिसं ते वायरीचं थिंबल, मग थिंबल ते रिलेचा पहिला बोल्ट, मग रिलेच्या एका जाड बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत, मग तिथून मोटर. एकेक तुकडा मोजत गेलात की ज्या तुकड्यात आकडा उसळतो तोच दोषी. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये बटण दाबून ०.२-०.३ पेक्षा जास्त आलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, रिले बदला.

माझ्या गाडीत प्लस बाजू ०.३, एकदम स्वच्छ. मायनस ते इंजिन ३.८ व्होल्ट! अकरा-साडेअकरामधले जवळजवळ चार व्होल्ट अर्थिंगच गिळत होतं. वायर बॅटरीपासून खाली इंजिनच्या मागच्या बोल्टाला गेलेली, वरून बघितली तर नवी कोरी वाटेल, प्लॅस्टिक अखंड, बोल्ट घट्ट. बोल्ट काढला तर थिंबलच्या मागे पांढरट-हिरवी पूड भरलेली, टूथब्रशने झटकली तशी बोटावर खडूसारखी आली. थिंबलच्या जवळ प्लॅस्टिक ब्लेडने दोन इंच सोललं तर आत तांब्याचा रंगच नाही, काळ्या तारा, आणि वायर वाकवली तर त्या मोडत होत्या. वॉशिंग सेंटरला प्रेशरने पाणी मारून घ्यायची सवय होती, ते पाणी थिंबलमधून आत शिरतं आणि प्लॅस्टिकच्या आत तारेतारेने वर चढतं. बाहेरून कधीच दिसत नाही.

काळा पडलेला भाग पूर्ण कापून टाकला, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे गेलो, नवीन तांब्याचं थिंबल दाबून बसवलं, इंजिनवरची जागा आणि बोल्टाची बैठक पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, घट्ट आवळलं आणि मग वरून व्हॅसलिन. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धातूला धातू घट्ट, व्हॅसलिन नंतर बाहेरून. परत मोजलं, ०.०८. सेल मारला तर इंजिन अर्ध्या सेकंदात चालू. खर्च एका थिंबलचा.

रिले आणि मोटर

बटण दाबून टक् पण होत नसेल तर रिले शोधा, बॅटरीजवळ असतो, दोन जाड वायरी बोल्टाला आणि दोन बारीक वायरी कपलरमध्ये. बऱ्याच गाड्यांत एका बारीक वायरीवर बटण दाबलं की प्लस येतो आणि दुसरी क्लच-न्यूट्रलमधून अर्थ होते. होंडाच्या आणि हिरोच्या बऱ्याच गाड्यांत बटणाची वायर पिवळी-लाल असते, दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, त्यामुळे रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा.

कपलर लावलेला असतानाच मागून त्या दोन बारीक वायरींमध्ये मीटर लावा आणि बटण दाबा. बारा व्होल्ट येतात आणि टक् होत नाही, तर रिले गेला. येतच नाहीत, तर रिलेला हात लावू नका, दोष मागे आहे. प्रत्येक वायर वेगळी बघा, एक प्रोब चेसिसला लावून बटणाच्या वायरीवर प्लस येतो का, आणि एक प्रोब बॅटरीच्या प्लसला लावून दुसऱ्या वायरीवर अर्थ मिळतो का. प्लस नसेल तर बटण आणि किल स्विच, अर्थ नसेल तर क्लच आणि न्यूट्रल. सेलचं बटण उघडताना खाली कापड अंथरा, आत एक छोटी स्प्रिंग असते ती उडते आणि मग सापडत नाही.

रिलेचे दोन जाड बोल्ट जाड वायरीने एकमेकांना टेकवून मोटर फिरते का हे पण बघता येतं. लोक स्क्रू ड्रायव्हरने करतात, ठिणगी मोठी उडते, म्हणून पेट्रोल गळत असेल किंवा वास जरी येत असेल तरी हे करायचंच नाही, आणि न्यूट्रल परत एकदा बघा. टेकवल्यावर मोटर जोरात फिरली तर बॅटरी, जाड वायरी, मोटर तिन्ही चांगल्या, दोष रिले किंवा बटणाच्या बाजूला. फिरली नाही आणि ड्रॉप टेस्ट चांगली आलीय, तर मोटर उघडायची.

मोटारीत बहुतेक वेळा कार्बन झिजलेले असतात. ओळखायची खूण म्हणजे मोटारीवर लाकडी दांड्याने हलकंसं ठोकलं की एखाद-दोनदा चालते आणि परत थांबते. मोटर काढली की कार्बनची लांबी, स्प्रिंगचा जोर, आणि कम्युटेटरवरची (कार्बन घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) काळी पूड बघा. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने फिरवत साफ करायचा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींतली पूड सुईने काढायची, ती पूड करंट नेते आणि पट्ट्या आपसात शॉर्ट करते. बऱ्याच गाड्यांचा कार्बन सेट सुटा मिळतो, त्यासाठी अख्खी मोटर घ्यायला लावत असतील तर आधी स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा.

फिरतंय पण पकडत नाही

इथे थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळाच विषय आहे. प्लग काढून कॅपमध्ये घाला, प्लगचा धातू इंजिनला नीट टेकवा आणि सेल मारा, निळसर ठिणगी टकटक दिसली पाहिजे. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि प्लग इंजिनला न टेकवता सेल मारू नका, त्याने सीडीआय (ठिणगी पाडणारा बॉक्स) किंवा ईसीयू (इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर) खराब होऊ शकतो. ठिणगी नसेल तर आधी प्लग बदलून बघा, मग कॅप, कॅप वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते, ती काढून वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून परत घट्ट फिरवली तरी पावसाळ्यातल्या बऱ्याच गाड्या चालू होतात.

इंजेक्शनच्या गाडीत चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची "झ्झ्झ" ऐकू यायला पाहिजे. आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, कपलर. बॅटरी कमजोर असेल तर असं पण होतं की सेल कसाबसा इंजिन फिरवतो पण तेवढ्यात व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयू बंद होतो, म्हणजे ठिणगी पण नाही आणि पेट्रोल पण नाही.

रस्त्यात अडकलात तर

कार्बोरेटरची गाडी असेल तर चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच झटकन सोडा. किक असेल तर अजून सोपं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या झाल्या, त्या पण ढकलून चालू होतात, पण बॅटरीत पंप आणि ईसीयू चालवायला पुरेल एवढा जीव असला तरच. मीटरचा लाईटच लागत नसेल तर घाटात कितीही ढकला, फायदा नाही, दम फक्त जाईल.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची असेल तर प्लसला प्लस, मग दुसऱ्याचा मायनस आपल्या इंजिनच्या धातूला. कारची बॅटरी १२ व्होल्टची असते ती चालते, कारचं इंजिन बंद ठेवा. ट्रकची जोडू नका, २४ व्होल्टने ईसीयू, मीटर, बल्ब सगळं जाईल. आणि चालू झाल्यावर बॅटरी काढून गाडी चालवायचा प्रयोग कोणी सांगितला तर करू नका, बॅटरी नसली की रेक्टिफायरचं (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा भाग) व्होल्टेज उसळतं.

चालू होते पण चार दिवसांनी परत बॅटरी बसते

मग सेलची लाईन सोडा, दोन प्रश्न राहतात, बॅटरी भरतेय का आणि कोणी गुपचूप पितंय का.

भरतेय का: गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावा आणि रेस ४००० आरपीएमच्या आसपास धरा. १३.८ ते १४.५ च्या आसपास पाहिजे. बंद गाडीत जेवढं होतं तेवढंच राहिलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर गेलाय, बॅटरी उकळेल आणि बल्ब उडतील. चार्जिंग नसेल तर रेक्टिफायरचा कपलर काढून बघा, तिथली पिन तपकिरी पडून प्लॅस्टिक वितळलेलं पुष्कळ गाड्यांत सापडतं. इंजिनमधून तीन पिवळ्या वायरी येत असतील तर कपलर सुटा करून मीटर एसीवर ठेवा, तिन्ही जोड्या मोजा, रेसबरोबर आकडा वाढला पाहिजे आणि तिन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. एक जोडी वेगळी आली तर कॉइल जळलीय. इंजिन बंद करून कुठल्याही पिवळ्या वायरीपासून इंजिनच्या धातूला बीप आला तरी कॉइल गेली. छोट्या गाड्यांत रचना वेगळी असते, तिथे डायग्राम बघा.

कोणी पितंय का: चावी बंद, बॅटरीचा मायनस काढा, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर मायनस टर्मिनल आणि सुटलेली वायर यांच्यामध्ये. काही मिलीअँपिअर ठीक, घड्याळ आणि ईसीयू एवढं घेतात. ५० मिलीअँपिअर दिसले तर हिशोब करा, ५ एएचची बॅटरी शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी. मग एकेक फिटिंग सोडवत जा, आकडा कशाने खाली येतो ते बघत. क्रॅश गार्डचे एलईडी, मोबाईल चार्जर, जीपीएस ट्रॅकर, सायरनवाला लॉक, यातलं काहीतरी चावीच्या लाईनवर न जोडता सरळ बॅटरीला जोडलेलं असतं. या टेस्टमध्ये चुकूनही सेल मारू नका आणि चावी पण चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल पिन परत व्होल्टच्या भोकात टाका, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरी मोजायला जाल आणि मीटरमधूनच शॉर्ट होईल.

माझ्या गाडीच्या सीटखाली आता पांढरी टेप चिकटवलेली आहे, त्यावर मार्करने लिहून ठेवलंय: निवांत १२.७, सेल मारताना १०.६, अर्थ ०.०८, प्लस ०.३, रेसवर १४.२, आणि तारीख. दर वर्षी पावसाळा संपला की रविवारी सकाळी हे पाच आकडे परत घेतो, पंधरा मिनिटं लागतात. यंदा अर्थ ०.११ आलाय, बाकी सगळं तेच.